वाटेवरचा सिरका

अल अमेरात, मस्कत
२७ नोव्हेंबर १९९८

प्रिय गुलबानू आपा,

अस्सलामु अलैकुम. आम्ही तिघं इथे खुशाल आहोत. तुम्ही, भाईजान आणि मुनिबा मजेत असाल अशी दुआ करते. सफूरा आता दुसरीत गेली. शाळेत सारखं इंग्रजी बोलते आणि घरी आली की मराठीत अडखळते. काल मला म्हणाली, "अम्मी, फूफी आपल्याला लाइक नाही करत का?" मी तिला म्हटलं, फूफीला सगळे आवडतात, फक्त तिचा राग उतरायला जरा जास्त वेळ लागतो.

मुनिबाचं लग्न मे महिन्यात धरलंत, हे मला शेजारच्या हुसैनमियाँकडून कळलं. ते बाणकोटचे, त्यांना कोकणातल्या सगळ्या बातम्या आमच्याआधी पोचतात. तुम्ही कळवलं नाहीत, तरी मुबारक. या लग्नात मामा म्हणून मुलीच्या बाजूला कोण उभं राहणार, ते मी विचारत नाही.

पत्रात "त्या माणसाचं" नाव काढायचं नाही असा तुमचा हुकूम आहे. काढत नाही. नवऱ्याचं नाव न घेता संसार करायची सवय आपल्याकडच्या बायकांना असतेच, माझं काही अडत नाही. मुनिबाच्या मंगनीच्या दिवशी भर पाहुण्यांत पिऊन आलेल्या भावाला तुम्ही उंबऱ्याबाहेर काढलंत, ते बरोबर केलंत असं मी तेव्हाही म्हटलं होतं. घरातला माणूस बरा आहे, एवढंच आज लिहिते.

आता कामाचं. आम्ही वादी कबीरची जागा सोडून डोंगरापलीकडे अमेरातला आलो, हे तुम्हाला माहीत आहे. आमची घरमालकीण उम्म नासर हिच्या बागेत खजुराची झाडं आहेत. यंदा खजूर इतका आला की बाजारात नेऊनही उरला. मी सहज बोलून गेले की आमच्या आपा जांभळाचा सिरका घालतात, खजुराचाही होईल. झालं! बाईंनी चार निळी पिंपं आणि ढीगभर खजूर आमच्या मागच्या खोलीत आणून टाकला. बकरी ईदला हे लोक शुवा करतात, म्हणजे मटणाला मसाला आणि सिरका चोळून, झावळ्यांत गुंडाळून जमिनीतल्या भट्टीत पुरतात. बाईंनी आपल्या सगळ्या जावांना सांगून टाकलंय की या ईदला बाजारचा सिरका घरात येणार नाही, हिंदी मेहनाजचाच वापरायचा.

ऑक्टोबरात सगळं छान फसफसलं. पण आता थंडी पडली आणि पिंपं गप्प झाली. तुम्हाला हसू येईल, मस्कतला कसली थंडी? पण अमेरात चहूबाजूंनी डोंगरात आहे, आणि आमच्या सिमेंटच्या खोलीची फरशी सकाळी अशी गार असते की अनवाणी पाय ठेववत नाही. दिवसा पिंपं गच्चीवर उन्हात ठेवून बघितली, तर दुपारी नको तेवढी तापतात आणि पहाटे पुन्हा गारठतात. रजया गुंडाळून झाल्या. इथे उन्हाळ्यात आम्ही गीझर बंद ठेवतो, कारण टाकीतलं पाणीच उकळतं असतं. गीझरमध्ये राहिलेलं पाणी तेवढं गार मिळतं. आता गीझर चालू केला तर मोरी गरम झाली, पण सिरका मोरीत ठेवायला मन धजत नाही.

तुम्ही काय करता, ते दोन ओळींत लिहा. माझ्यासाठी नको, सिरक्यासाठी लिहा.

तुमची भावजय
मेहनाज

---

अल अमेरात
५ जानेवारी १९९९

प्रिय आपा,

अस्सलामु अलैकुम. रमजान मुबारक. तुमचं उत्तर आलं. उघडून बघितलं तर खरंच दोन ओळी! "झाकणं काढ, हवा लागल्याशिवाय सिरका होत नाही. आणि त्या माणसाला खोलीत पाऊल टाकू देऊ नको." तुमचं अक्षर मात्र अजून तसंच टपोरं आहे. मी ते कार्ड कपाटात जपून ठेवलंय. रागाचं का होईना, तुमचं पत्र आहे.

झाकणं मी घट्ट लावली आहेत, हे तुम्ही न सांगता ओळखलंत. झाकणांवर प्लास्टिक, त्यावर सुतळी, आणि खोलीला कुलूप. किल्ली माझ्या गळ्यातल्या साखळीत. का, ते लिहिते.

खजुराचा सरळ सिरका होत नाही, ते मला माहीत होतं. आधी त्याची दारू होते आणि मग ती आंबते. पण माहीत असणं वेगळं आणि रोजा धरलेला असताना घरातून तो वास येणं वेगळं. भिंतीपलीकडे हुसैनमियाँ राहतात. मत्रहच्या सूकमध्ये, म्हणजे बाजारात, शिलाईचं दुकान, संध्याकाळी मुलांना कुराण शिकवतात, आणि नाक असं की कोणाच्या घरी कांदा करपला तेही सांगतील. त्यांच्या नाकापर्यंत वास जाऊ नये म्हणून मी झाकणं बांधली. हे झालं लोकांना सांगायचं कारण.

खरं कारण तुम्हाला ठाऊक आहे. माझ्या घरात चार पिंपं दारू आहे, आणि माझा नवरा वर्षानुवर्षं एसीच्या वर्कशॉपमधल्या दोस्तांच्या दारूच्या परमिटवर पीत आलेला माणूस आहे. मंगनीहून परतल्यापासून त्यांनी थेंब घेतला नाही असं ते म्हणतात. मी मान डोलावते, आणि ते झोपले की गळ्यातली किल्ली चाचपते. हेही लिहायचं नव्हतं, पण लिहून गेले.

तर झालंय असं. झाकणामुळे हवा नाही, गारठ्यामुळे ऊब नाही, आणि माझी पिंपं अर्ध्या वाटेत दारू होऊन बसली आहेत. पुढे सरकायचं नाव नाही. ज्या गोष्टीच्या भीतीने कुलूप लावलं, तीच गोष्ट मी कुलपाआड जपते आहे! उम्म नासर म्हणाली, बाजारातला तयार सिरका एक बाटली ओत, झटकन होईल. मी नाही म्हटलं. आपण शाफई पंथाचे. दारू झालेल्या रसात काही टाकून सिरका केलेला आपल्याला चालत नाही, तो आपोआप झाला पाहिजे. उन्हातून सावलीत हलवलं तर चालतं, ऊब दिली तर चालतं, टाकायचं काही नाही. म्हणजे माझ्या हातात दोनच गोष्टी उरल्या, हवा आणि ऊब. आणि ऊब एकसारखी हवी, दुपारची वेगळी आणि पहाटेची वेगळी अशी चालत नाही.

आता तुम्ही सांगा आपा, या अख्ख्या अमेरातमध्ये एखादी खोली एका ठराविक गरमीवर बांधून ठेवणं कोणाला जमतं? एसीवाल्याला. आणि माझ्या घरात एसीवाला कोण आहे?

परवा इफ्तारला मी नुसतं म्हटलं, पिंपं गारठली आहेत. त्यांनी तोंडातल्या खजुराची बी काढून ताटलीत ठेवली. मग म्हणाले, "मी बाहेरून सांगतो, तू आत जाऊन कर." त्यांना खोलीत न्यायचं नाही, हे मी कधी बोललेही नव्हते. बिचारे स्वतःच दाराबाहेर बसून मला पिंपांजवळ बल्ब लावायला वायर कुठे जोडायची ते सांगायला लागले. मी लाल आणि काळी वायर एकत्र केली आणि अख्ख्या घराचा फ्यूज उडाला. अंधारात सफूरा टाळ्या वाजवते आहे, "अगेन, अम्मी, अगेन!" आणि दाराबाहेर हा माणूस पोट धरून हसतो आहे. त्यांचं असं हसणं मी फार दिवसांनी ऐकलं.

तुम्ही लिहिलंत, त्याला पाऊल टाकू देऊ नको. तुम्ही त्यांना आईच्या मागे वाढवलंत, तुमचा शब्द मी आजवर खाली पडू दिला नाही. हा एक पडू देणार आहे. रमजानची ईद झाली की झाकणं काढणार आणि किल्ली त्यांच्या हातात देणार.

रागवायचं असेल तर सविस्तर रागवा, दोन ओळींत नको.

तुमची
मेहनाज

---

अल अमेरात
२ एप्रिल १९९९

प्रिय आपा,

अस्सलामु अलैकुम, आणि ईद मुबारक!

आज नाव घेणार आहे. इक्बाल. तुमचा इक्बाल. आता हुकूम मोडलाच आहे, तर पुढे सगळीकडे मोडते.

सिरका झाला, आपा! चारही पिंपांचा झाला. रंग काळ्या चहासारखा, आणि आंबट असा की थेंब जिभेवर पडला तर कानामागे झिणझिण्या येतात. पण तुम्हाला सगळं पहिल्यापासून सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही नुसती नाचते आहे. नाचतेच आहे, पण सांगते.

रमजानची ईद झाल्यावर मी झाकणं काढून पिंपांच्या तोंडावर माझ्या जुन्या ओढण्या बांधल्या आणि किल्ली इक्बालच्या हातात दिली. त्यांनी ती घेतली नाही. म्हणाले, "किल्ली तुझ्याकडेच ऱ्हाऊ दे. मी काम करताना तू दारात बस." म्हणून मी भाजी निवडायची परात घेऊन दारात बसले, आणि त्यांनी एसीच्या खोक्यांचं प्लायवूड आणि थर्मोकोल जोडून पिंपांभोवती कपाटासारखी पेटी उभी केली. आत एक मोठा बल्ब आणि एका जुन्या विंडो एसीचा थर्मोस्टॅट. एसीमध्ये तो गरम झालं की मशीन चालू करतो. इक्बालनी तार त्याच्या दुसऱ्या टोकाला जोडली, म्हणजे गारठा आला की बल्ब लागतो आणि ऊब पुरली की विझतो. आयुष्यभर लोकांची घरं गार करणारा माणूस माझी पिंपं गरम करत होता आणि तोंडाने पुटपुटत होता, "अर्बाबला कळलं तर हाकलून देईल." अर्बाब म्हणजे त्यांचा मालक.

हिवाळ्यात एसीवाल्याला काम कमी. अर्धे दिवस इक्बाल घरीच असायचे. दर थोड्या वेळाने पेटीला हात लावून बघायचे, जसं आपण तापलेल्या पोराच्या कपाळाला लावतो. बल्ब लागला की, "लागला!" विझला की, "विझला!" मला घरात एक घड्याळच मिळालं. पण वास तर होताच आपा. झाकणं काढल्यावर तो आणखी पसरला. इक्बाल नाकाला रुमाल बांधून आत जायचे, आणि बाहेर आले की थेट नळाखाली तोंड धुवायचे. त्यांनी चेहरा पुसेपर्यंत मी त्यांच्याकडे बघायची नाही. मला विचारायचं नव्हतं आणि त्यांना सांगायचं नव्हतं.

मग फेब्रुवारीत तो पाऊस आला. सकाळी मी सफूराच्या शाळेत, वादी कबीरला, तिच्या टीचरांना भेटायला गेले. दहाच्या सुमाराला आभाळ फुटलं. इथे डोंगरावर पडलेलं पाणी मुरत नाही, सरळ रस्त्यावर येतं. वादी अदईतून अमेरातला जाणारा रस्ता पाण्याखाली गेला. आम्ही दोघी माझी मैत्रीण विशाखा हिच्या फ्लॅटवर अडकलो. अमेरातची वीज गेल्याचं तिच्या नवऱ्याने ऑफिसातून फोन करून सांगितलं. उम्म नासरचा फोन लागत नव्हता.

वीज नाही म्हणजे बल्ब नाही. बल्ब नाही म्हणजे पिंपं गारठणार. पण खरं सांगते, मला त्या घडीला पिंपांचं काही पडलं नव्हतं. इक्बाल घरात एकटे होते. वर पाऊस, कुठे जायला रस्ता नाही, कोणी बघणारं नाही, दाराशी परात घेऊन बसणारी बायको नाही. आणि किल्ली? घाईत निघताना साखळी मी मोरीतच विसरले होते. विशाखाने जेवायला वाढलं, मी ताट तसंच सोडून पुन्हा खिडकीशी गेले. ती म्हणाली, "अगं, पुरुष माणूस आहे, घर सांभाळेल." मी म्हटलं, हो, सांभाळेल.

संध्याकाळी मगरिबच्या नमाजानंतर पाणी ओसरलं. उम्म नासरचा मुलगा लँडक्रूझर घेऊन आम्हाला न्यायला आला. घरी पोचले तर मागच्या खोलीचं दार सताड उघडं, आत कंदील, आणि दोन माणसांचे आवाज. मला वाटलं, वर्कशॉपमधलं कोणीतरी येऊन बसलं.

आत हुसैनमियाँ होते.

होय, आपा, तेच. ज्यांच्या नाकाला भिऊन मी सुतळ्या बांधल्या, ते हुसैनमियाँ उलट्या खोक्यावर बसून सुलेमानी चहा पीत होते. इक्बाल गॅसवर पाणी तापवून बाटल्यांत भरत होते, बाटल्या टॉवेलांत गुंडाळून पेटीत ठेवत होते, आणि गार झालेल्या काढून पुन्हा तापवत होते. दुपारपासून हेच चाललं होतं. गरम बाटलीने त्यांचे दोन्ही तळवे भाजले होते.

मला बघून हुसैनमियाँ म्हणाले, "ये पोरी. तुझ्या नवऱ्याने दुपारी पावसात भिजत माझं दार ठोकलं. काय म्हणाला माहिताय? म्हणाला, चाचा, माझ्या घरात दारू हाय आणि मी दारूडा हाय. मेहनाज घरात नाय. माझ्याजवळ येऊन बसा."

मी इक्बालकडे बघितलं. ते बाटलीचं बूच लावत होते. वर न बघताच म्हणाले, "किल्ली मोरीत सापडली. पिंपांना ऊब द्यायला आत तर जायलाच पायजे होतं. एकटा गेलो असतो तर काय झालं असतं ते मला ठाऊक नाय, मेहनाज. म्हणून एकटा गेलोच नाय."

आपा, मी तिथेच फरशीवर बसले आणि मोठ्याने रडले. सफूरा घाबरली. हुसैनमियाँ म्हणाले, "रडतेस काय, बाटल्या भर, हात चालव, यल्ला!" मग आम्ही तिघांनी मिळून वीज येईपर्यंत बाटल्या भरल्या.

मी भीत भीत विचारलं, "चाचा, हा वास... लोक काय म्हणतील?" त्यांनी ओढणी वर करून पिंपात डोकावलं, नाक मुरडलं आणि म्हणाले, "दारू आहे, नाही कोण म्हणतो? पण वाटेवर आहे. आत काही टाकू नका आणि ऊब सोडू नका. पोचला की पाक, हलाल." दुसऱ्या दिवशी त्यांनी हे सगळ्या मोहल्ल्याला सांगितलं. ज्या बायका मला बघून पदर नाकाला लावत होत्या, त्या रोज दारात येऊन विचारायला लागल्या, "पोचला का गं?"

मार्चमध्ये पिंपांवर साय धरली. जाडसर, पांढरी, दुधावरच्या सायीसारखी. इक्बालनी मला हाताला धरून आत नेलं आणि पेटीतल्या बल्बच्या उजेडात दाखवली, जणू त्यांनीच तिला जन्म दिला. वास रोज बदलत गेला. एक दिवस त्यांनी खोलीत शिरताना रुमाल बांधलाच नाही. मी विचारलं, तर म्हणाले, "आता आत काय हाय? सिरका तर हाय!" आणि छाती फुगवून उभे राहिले.

बकरी ईदच्या आदल्या आठवड्यात उम्म नासर आपल्या सगळ्या जावांना घेऊन आली. अंगणात चटई घातली. हुसैनमियाँ आले. सिरका गाळून काचेच्या भांड्यात आणला आणि सगळे एकमेकांकडे बघायला लागले, आधी कोणी चाखायचा? इक्बाल मागे भिंतीला टेकून उभे होते. हुसैनमियाँनी बिस्मिल्ला म्हणून चमचा तोंडात घातला, डोळे गच्च मिटले, खांदे आक्रसले आणि ओरडले, "खलास! झाला सिरका!" उम्म नासरने चाखला आणि माझ्या गालाचा मुका घेतला. "माशाल्ला मेहनाज, ये खल्ल, ये सिरका अच्छा, बाजारवाला सब फेंको!" मग तिने दुसरा चमचा भरला आणि थेट भिंतीकडे गेली. "इक्बाल, तुम नहीं खाएगा? तुमने बनाया."

इक्बालनी माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली. त्यांनी चमचा तोंडात घातला आणि असा चेहरा वेडावाकडा केला की सफूरा हसून हसून लोळली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते ओरडत होते, "आंबट! आई गं, काय आंबट हाय!" डोळे पुसायला त्यांनी हात वर केले तेव्हा तळव्यांवरच्या भाजल्याच्या खुणा सगळ्यांनी बघितल्या. आपा, त्या अंगणात त्या दिवशी माझ्याइतकी श्रीमंत बाई कोणी नव्हती.

ईदच्या दुसऱ्या दिवशी भट्टी उघडली. शुवा असा झाला होता की मटण हाडावरून आपोआप गळून पडत होतं. उम्म नासरच्या दिरांनी इक्बालना आपल्या थाळ्याभोवती बसवून खाऊ घातलं. पुढच्या खजुराला दुप्पट पिंपं ठेवायची, असं तिने परस्पर ठरवूनही टाकलंय.

आता तुमच्याकडचं. तुम्ही पत्रिका पाठवलेली नाही, तरी आम्ही मे महिन्यात लग्नाला येतोय. तिकिटं काढली. इक्बाल म्हणतात, आपाने बोलावल्याशिवाय मी अंगणात पाय ठेवणार नाही, रस्त्यावर उभा राहीन. राहू देत. मी मात्र सरळ आत येणार आणि तुम्हाला हात धरून बाहेर नेणार. त्यांच्या वतीने माफी मागायला मी येत नाही, ती त्यांची त्यांना मागू दे. मला फक्त एक करून हवंय. तुम्ही त्यांच्या अगदी जवळ जा, सगळ्या पाहुण्यांसमोर जा, आणि तुमच्या भावाच्या तोंडाचा वास घ्या. मग मुनिबाच्या बाजूला मामा उभा राहील की नाही, ते तिथेच सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगा.

या पत्राच्या उत्तराची वाट न बघणारी,
मेहनाज